जॉन फॉन नॉयमन : वेळेचा हिशेब मांडणारा गणितज्ञ

(द्वितीय वर्ष, कला)

जयगडच्या किल्ल्यावर उभे राहिले की शास्त्री नदी समुद्राला मिळताना दिसते आणि तिन्हीसांज झाली की दीपगृहाचा दिवा चमकू लागतो. माझे वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल आहेत. लहानपणी मला वाटे, दीपगृहाचे मोठेपण त्याच्या प्रखर उजेडात असावे. एकदा वडिलांनी समजावून सांगितले, की दिवा किती तेजस्वी आहे यापेक्षा तो किती वेळाने चमकतो याकडे खलाशाचे लक्ष असते. प्रत्येक दीपगृहाचा चमकण्याचा ठेका ठरलेला असतो आणि त्यावरूनच अंधारात बंदर ओळखायचे. ठेका चुकला तर तो उजेड असून नसल्यासारखा, किंबहुना घातकच.

वडिलांचे हे बोलणे मला पुन्हा आठवले ते एका गणितज्ञाचे चरित्र वाचताना. मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर गणिताला मी दुरूनच नमस्कार केला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे काय वाचावे हे सांगणारे घरी कोणी नाही. ग्रंथालयात जे हाती लागेल ते वाचायचे, असा माझा क्रम. असेच वाचता वाचता जॉन फॉन नॉयमन हे नाव भेटले. आपल्या खिशातील मोबाइलपासून जयगडच्या वीजप्रकल्पातील यंत्रांपर्यंत सर्वत्र जे संगणक काम करतात, त्यांची मूळ मांडणी या माणसाच्या नावाने ओळखली जाते. त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव यानोश. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. तीन भावांत यानोश थोरला. १९१३ साली वडिलांना उमरावपद मिळाले. नावातील फॉन हा शब्द त्या मानाची खूण आहे. घरात पुस्तकांची खोली होती, शिकवायला खाजगी शिक्षक येत. सहाव्या वर्षी तो मोठमोठ्या आकड्यांचे भागाकार तोंडी करी, असे सांगतात. अशा आख्यायिका थोरांच्या बालपणाभोवती जमतातच. पण त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती, याविषयी त्याला ओळखणाऱ्या सर्वांचे एकमत आहे.

बुद्धी जन्मजात असली तरी ती ओळखणारा डोळा लागतो. शाळेतील गणिताचे शिक्षक लास्लो रात्झ यांनी हा मुलगा वर्गाच्या पुढे गेला आहे हे जाणले आणि त्याला विद्यापीठातील गणितज्ञांकडून वेगळे शिक्षण मिळावे अशी व्यवस्था केली. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे यूजीन विग्नर त्याच शाळेत एक वर्ष पुढे होते. एका शाळेच्या एवढ्याशा आवारात असे दोन विद्यार्थी एकाच वेळी घडले, यात त्या शिक्षकांचाही मोठा वाटा आहे.

पण मुलाने गणितच शिकावे हे वडिलांना पसंत नव्हते. गणितावर पोट भरत नाही, असे त्यांना वाटे. मी कला शाखा निवडली तेव्हा आमच्या घरातही हाच प्रश्न निघाला होता. बुडापेस्टचा श्रीमंत सावकार आणि जयगडचा तांडेल, दोघांची काळजी एकच, याचे मला नवल वाटले. अखेर तडजोड झाली. यानोशने झुरिचच्या प्रख्यात तंत्रशाळेत रासायनिक अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि त्याच वेळी बुडापेस्ट विद्यापीठात गणितातही नाव घातले. १९२६ साली एका हाती अभियांत्रिकीची पदविका आणि दुसऱ्या हाती गणितातील डॉक्टरेट घेऊन तो बाहेर पडला. वय होते अवघे बावीस.

पुढील काही वर्षांत नॉयमन यांनी जर्मनीत जे काम केले, त्याने गणिताच्या जगात त्यांचे नाव दुमदुमू लागले. १९२८ साली त्यांनी खेळांमधील डावपेचांचे गणित मांडले. समोरचा खेळाडू आपले जास्तीत जास्त नुकसान करील असे धरून, त्यातल्या त्यात कमी नुकसानीची चाल कशी निवडावी, असा तो विचार होता. वाईटात वाईट काय घडेल याचा आधी अंदाज घ्यायचा, ही त्यातील दृष्टी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. १९३२ साली पुंज यामिकीच्या गणिती पायावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९३० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९३३ साली तेथील उच्च अध्ययन संस्थेत प्राध्यापक झाले. आल्बर्ट आइन्स्टाइन हे त्यांचे सहकारी होते. त्याच वर्षी जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू झाला आणि ज्यू विद्वानांना विद्यापीठांची दारे बंद झाली. नॉयमन यांनी १९३७ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. गणितज्ञ म्हटला की एकलकोंडा, अबोल माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. नॉयमन तसे मुळीच नव्हते. त्यांना गप्पा आवडत, मेजवान्या आवडत, गोंगाटात बसून काम करणे आवडे. मोटार मात्र ते इतकी बेफिकिरीने चालवीत, की अपघात नेहमीचेच झाले होते.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्या आयुष्याला नवे वळण दिले. १९४४ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबर्डीन नावाच्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावर ते गाडीची वाट पाहत उभे होते. तेथे हर्मन गोल्डस्टाइन हा तरुण लष्करी अधिकारी भेटला. बोलता बोलता त्याने सांगितले, की फिलाडेल्फिया येथे विजेवर आकडेमोड करणारे एक प्रचंड यंत्र तयार होत आहे. नॉयमन यांचे कुतूहल जागे झाले आणि थोड्याच दिवसांत ते यंत्र पाहायला गेले. गाडीच्या वाट पाहण्यातून विज्ञानाचा इतिहास घडला, असे म्हणावेसे वाटते.

त्या यंत्राचे नाव एनिअ‍ॅक. जॉन मॉचली आणि प्रेस्पर एकर्ट हे त्याचे निर्माते. सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या, वजन तीस टन, आणि सेकंदाला पाच हजार बेरजा करण्याची ताकद! पण त्यात एक मोठी अडचण होती. गणित बदलायचे म्हणजे शेकडो तारा काढून पुन्हा जोडायच्या. या जोडणीचे अवघड काम सहा तरुणी करीत असत आणि त्यात दिवसच्या दिवस जात. उत्तर काही सेकंदांत मिळे; प्रश्न घालायला मात्र आठवडा लागे.

३० जून १९४५ ही तारीख असलेल्या एकशे एक पानांच्या टिपणात नॉयमन यांनी नव्या यंत्राची मांडणी केली. आकडे ज्या साठवणीत ठेवायचे त्याच साठवणीत आज्ञाही ठेवायच्या. यंत्राने तेथून एक आज्ञा उचलायची, ती पार पाडायची, मग पुढची उचलायची. तारा हलवण्याची गरज उरली नाही. त्याबरोबरच त्यांनी आणखी एक आग्रह धरला, की यंत्राने एका वेळी एकच काम करावे. एनिअ‍ॅकचे अनेक भाग एकाच वेळी चालू शकत आणि त्यांचा मेळ घालताना माणसे मेटाकुटीला येत. नळ्या थोड्या वापरायच्या आणि यंत्र साधे ठेवायचे, तर कामे एकामागून एक करणेच श्रेयस्कर, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे कोणते काम कशानंतर होणार हे स्वच्छ दिसू लागले.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. त्या टिपणावर एकट्या नॉयमन यांचेच नाव होते. एकर्ट, मॉचली आणि त्यांचे सहकारी यांच्याशी झालेल्या चर्चांतून त्यातील बरेच काही आले होते, परंतु टिपण गोल्डस्टाइन यांच्या हातून सर्वत्र वाटले गेले आणि श्रेय एकाच नावाला चिकटले. निर्मात्यांच्या मनात ही सल कायम राहिली. होडी किनाऱ्याला लागली की नाव तांडेलाचे होते, पण जाळे ओढणारे हात अनेक असतात, हे मी घरी पाहिले आहे. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना हे हात विसरू नयेत.

युद्धानंतर नॉयमन यांनी प्रिन्स्टनमध्ये स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. ज्युलियन बिगेलो हे त्याचे प्रमुख अभियंते. १९५२ साली ते जगापुढे आले. या यंत्रात सर्व भागांना एका तालावर नाचवणारे घड्याळ नव्हते. एक पायरी पूर्ण झाली की तीच पुढच्या पायरीला सुरू होण्याची खूण देई. नॉयमन यांनी यंत्राचे आराखडे गुप्त न ठेवता इतरांना मोकळेपणाने दिले. त्यावरून अमेरिकेत, स्वीडनमध्ये, इस्राएलमध्ये आणि ऑस्ट्रेलियात त्याची भावंडे जन्माला आली.

या घराण्याचा वारसा आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोचला, हे सांगताना अभिमान वाटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने आणि आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधला. आधी छोटे प्रायोगिक यंत्र, मग १९६० साली पूर्ण यंत्र. त्यातही प्रिन्स्टनच्या यंत्राप्रमाणे चाळीस अंकी द्विमान शब्द होता. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. परदेशी यंत्र विकत आणून बसवणे निराळे आणि आपल्या हातांनी बांधून चालवणे निराळे. त्या तरुणांतील पुष्कळांनी आधी संगणक पाहिलाही नसेल.

नॉयमन यांच्या आयुष्यातील मला सर्वांत भावलेला प्रसंग हवामानाचा आहे. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वाऱ्याचा अंदाज म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. १९५० साली ज्यूल चार्नी आणि इतरांच्या साहाय्याने त्यांनी एनिअ‍ॅकवर हवामानाचा अंदाज काढण्याचा पहिला प्रयोग केला. उत्तरे आशादायक आली. पण चोवीस तासांचा अंदाज काढायला लागले सुमारे चोवीस तास! उद्या वादळ येणार, हे उद्या संध्याकाळी कळले तर होडी कशी वाचणार? उत्तर बरोबर असून भागत नाही. ते वेळेच्या आत हाती पडले पाहिजे. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि १९५५ साली अमेरिकेत संगणकावरचे नियमित अंदाज सुरू झाले. तरी त्या पहिल्या प्रयोगातून जो प्रश्न पुढे आला तो आजही शिळा झालेला नाही.

आज असंख्य संगणक असे आहेत, की ज्यांच्या उत्तराला मुदत असते. विमानाचे सुकाणू, आगगाडीचे ब्रेक, मोटारीत धडकेच्या क्षणी फुगणारी हवेची पिशवी, ही त्यांची उदाहरणे. आमच्या वाडीतील एक दादा जयगडच्या वीजप्रकल्पात कामाला आहे. त्याने मला सांगितले, की टर्बाइनवरचा भार अचानक सुटला तर ते भलत्याच वेगाने फिरू लागते. निमिषार्धात वाफेच्या झडपा बंद झाल्याच पाहिजेत. अशा ठिकाणी काम सरासरी किती वेळात होते हे विचारून चालत नाही. वाईटात वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल, हे आधीच ठाऊक असावे लागते.

यंत्र एकामागून एक आज्ञा पाळते तोवर हा हिशेब त्यातल्या त्यात सोपा होता. पण २००५ च्या सुमारास एक अडचण आली. संगणकाच्या चिपचा वेग वाढवत नेला तर ती सोसवेना इतकी तापू लागली. तेव्हा उत्पादकांनी एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ मेंदू बसवायला सुरुवात केली. त्यांना कोअर म्हणतात. कामे वाटली गेली, वेग वाढला. मात्र या सर्व कोअरना माहितीसाठी जावे लागते ते बहुधा एकाच सामाईक साठवणीकडे, एकाच वाटेने. नॉयमन यांच्या मांडणीत हिशेब करणारा भाग आणि साठवण यांच्यामध्ये अरुंद वाट होतीच. त्या वाटेवर पूर्वी एक वाटसरू होता, आता गर्दी झाली.

याचा अर्थ मला आमच्या खाडीवरच्या फेरीबोटीने कळला. माझे आजोळ पलीकडे तवसाळला. फेरीबोटीला खाडी ओलांडायला लागतात थोडी मिनिटे, आणि ती बहुतेक तेवढीच लागतात. पण धक्क्यावर किती वेळ थांबावे लागेल ते आपल्या हाती नसते. ते आपल्या आधी किती गाड्या आल्या यावर ठरते. एका गणेशोत्सवात आजी अत्यवस्थ झाली. तिला गाडीत घालून रत्नागिरीच्या दवाखान्यात न्यायला आम्ही निघालो. धक्क्यावर चाकरमान्यांच्या गाड्यांची ही भली मोठी रांग! लोक भले होते. त्यांनी आमची गाडी पुढे सोडली. पण फेरीबोट नुकतीच जयगडच्या बाजूला गेली होती. पहिला नंबर मिळूनही ती परत येईपर्यंत आम्हाला थांबावेच लागले. आजीचा श्वास आणि दूरवर दिसणारी ती बोट, यांच्याकडे आळीपाळीने पाहत काढलेली ती मिनिटे मी विसरणार नाही. सुदैवाने आजी वाचली.

चिपमध्ये नेमके हेच घडते. एका कोअरचे काम अगदी तातडीचे असते, पण शेजारच्या कोअरने साठवणीकडे आधीच मागणी केलेली असते. तातडीचे काम खोळंबते. रोज हजार वेळा ते वेळेत होईल, आणि एखाद्या दिवशी सर्व कोअर एकदम धक्क्यावर आले की चुकेल. शिवाय प्रत्येक कोअरजवळ नेहमी लागणाऱ्या माहितीची एक लहान साठवण असते. तेथे माहिती सापडली तर काम चटकन होते, नाहीतर दूर जावे लागते. म्हणून तेच काम आज झटपट तर उद्या रेंगाळत, असाही प्रकार होतो.

यावर अभियंत्यांनी उपाय शोधले आहेत. प्रत्येक कोअरला साठवणीकडे जाण्याची पाळी वेळापत्रकाने ठरवून द्यायची. साठवणीचे वाटे पाडायचे. ठरावीक वेळात कोणी किती मागण्या करायच्या यावर मर्यादा घालायची. चाचणी घेताना शेजारचे कोअर मुद्दाम जास्तीत जास्त कामाला जुंपायचे आणि मग तातडीच्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचे. विमानांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली याविषयी टिपण काढले. कोअरची परस्परांना होणारी अडवणूक शोधून तिला मर्यादा घातल्याचे विमानयंत्रणा बनवणाऱ्यांनी दाखवून द्यावे, अशी अपेक्षा त्यात आहे. या उपायांनी सरासरी वेग थोडा कमी होतो, पण खात्री मिळते. आजीच्या वेळी आम्हाला लोकांच्या भलेपणाने आणि नशिबाने तारले. विमानातील शेकडो प्रवाशांना नशिबावर सोडता येत नाही. येथे मला नॉयमन यांचे १९२८ चे खेळाचे गणित आठवते. वाईटात वाईट काय होईल ते आधी पाहा आणि मग चाल ठरवा, असेच ते आहे ना?

नॉयमन यांना आपली मांडणी म्हणजे शेवटचा शब्द वाटत नव्हता. नळ्या वरचेवर बिघडत, म्हणून बेभरवशाच्या भागांपासून भरवशाचे यंत्र कसे करावे, यावर त्यांनी १९५२ साली व्याख्याने दिली. एकच काम अनेक भागांना देऊन बहुमताने उत्तर स्वीकारावे, ही कल्पना त्यांत आहे. अखेरच्या दिवसांत ते माणसाच्या मेंदूचा विचार करीत होते. मेंदूतील पेशी विजेच्या यंत्रापेक्षा किती तरी मंद, पण त्या असंख्य पेशी एकाच वेळी काम करतात, हे त्यांना जाणवले होते. आजचे अनेक कोअरवाले संगणक त्याच दिशेने चालले आहेत.

या थोर जीवनाला एक काळी किनारही आहे. १९४३ पासून नॉयमन अणुबाँबच्या कामात होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या बाँबच्या रचनेत त्यांच्या गणिताचा मोठा वाटा होता आणि बाँब कोणत्या शहरांवर टाकावा हे सुचवणाऱ्या समितीतही ते बसले होते. पुढे हायड्रोजन बाँबच्या कामालाही त्यांनी हातभार लावला. ज्या प्रज्ञेने वादळाची आगाऊ सूचना देण्याचा मार्ग दाखवला, तिनेच हजारोंच्या मृत्यूचे गणित सोडवले. आपला देश सोडावा लागलेल्या, हुकूमशाहीचे भय पाहिलेल्या माणसाची बाजू समजून घेता येते. तरी मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही.

१९५५ साली त्यांना कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. हळूहळू ते चाकांच्या खुर्चीला खिळले. येल विद्यापीठासाठी मेंदू आणि संगणक यांवरील व्याख्याने त्यांनी लिहायला घेतली होती. ती ना पूर्ण झाली, ना देता आली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टन येथील लष्करी रुग्णालयात वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अपुरी राहिलेली व्याख्याने पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. यंत्राला वेळेचा हिशेब शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आयुष्याच्या वेळेचा हिशेब मात्र मांडता आला नाही. तो कोणालाच येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नॉयमन यांची बुद्धी आपल्याला लाभेल असे नाही. पण त्यांच्या चरित्रातून आणि त्यांच्या यंत्राच्या पुढील कथेतून एक गोष्ट घेता येईल. आपण सारे आज वेगाच्या मागे लागलो आहोत. ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे त्याने मात्र किती लवकर एवढेच न पाहता, ठरल्या वेळेत नक्की पोचेन का, हेही स्वतःला विचारावे. आमच्या दीपगृहाचा दिवा रोज रात्री हेच करतो. संगणकयुगाचा पाया घालणाऱ्या या प्रज्ञावंताला, आणि त्यांच्यासोबत खपलेल्या अनेक अनामिक हातांना, माझे विनम्र अभिवादन.